बंदरावरच्या बायकांचा जमाखर्च

माझ्या सासूबाईंची हिशेबाची एक वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, दुकानदाराकडे असते तशी. १९५८ सालची. दूध, रॉकेल, जोंधळे, गोडेतेल, चुन्याची डबी, सगळं बारीक अक्षरात. दर महिन्याअखेर बेरीज, आणि बेरजेखाली दोन रेघा. त्यात मार्च महिन्यात एका ओळीत एवढंच लिहिलंय : 'बांगड्या २, ठेवल्या.' कोणाकडे ठेवल्या, किती आले, काही नाही. ऑक्टोबरात तशीच एक ओळ : 'बांगड्या सुटल्या.' त्या सात महिन्यांत मामंजींना नोकरी नव्हती, हे मी ऐकून होते. बांगड्यांबद्दल मात्र घरात कधीच कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

ही वही मी किती वेळा झटकून पुन्हा ट्रंकेत ठेवली असेल! पण ती वाचायची कशी, हे मला शिकवलं ते साता समुद्रापलीकडच्या काही बायकांनी. मैत्रिणींनो, आज त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

त्याचं झालं असं, की माझ्या भाचीनं पुण्याहून जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आणला. त्यात कव्हर निघालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, 'टूपेन्स टू क्रॉस द मर्सी'. लेखिका हेलन फॉरेस्टर. माझं इंग्रजी बेताचंच. शब्दकोश उशाशी घेऊन दुपारी चार-चार पानं वाचायची, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला दूध उतू गेलं, तेव्हा कळलं की पुस्तकानं मला धरलंय.

वाडे नाहीत, जहागिऱ्या नाहीत

इंग्लंडात अशा पुस्तकांचं एक वेगळं दालनच आहे. तिथे या कादंबऱ्यांना 'सागा' म्हणतात. सागा म्हणजे एका घराण्याची दोन-तीन पिढ्यांची लांबलचक कहाणी. पण हे घराणं वाड्यातलं नव्हे बरं का! गोदीवर ओझी वाहणारा बाप, चार घरची धुणी धुणारी आई, चुलीपाशी खोकत बसलेली आजी आणि एका खाटेवर उलटसुलट झोपलेली पोरं. काळ साधारण राणी व्हिक्टोरियाच्या राज्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. आणि गाव बहुतेक वेळा बंदराचं. मर्सी नदीवरचं लिव्हरपूल, टाइन नदीच्या मुखाशी असलेलं साउथ शील्ड्स, पूर्व किनाऱ्यावरचं हल, नाहीतर लंडनच्या गोद्यांची वस्ती.

आता तुम्ही विचाराल, बंदरच का? मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर गोदीच्या पगारात आहे.

गिरणीतल्या कामगाराला आठवड्याला ठरलेला पगार मिळतो. गोदीचं तसं नव्हतं. जहाज आलं तर काम. सकाळी आणि दुपारी माणसं दरवाजाशी गर्दी करून उभी राहायची, मुकादम त्यातली हवी तेवढी निवडायचा आणि बाकीचे हात हलवत घरी. काम मिळालं तरी ते अर्ध्या दिवसाचं. ही रोजंदारीची पद्धत ब्रिटनमधून गेली ती थेट १९६७ साली. आणि जो गोदीत नाही, तो बोटीवर. म्हणजे महिनोन् महिने घराबाहेर. एखादी बोट परत आलीच नाही, तर?

म्हणजे पुरुषाची मिळकत भरतीओहोटीसारखी. पोरांची भूक मात्र रोजची. या दोहोंमधली खाच भरून काढायचं काम कोणाचं? घरच्या बाईचं. म्हणून बंदरावरची गोष्ट सांगायला बसलं, की ती आपोआप बाईची गोष्ट होते. जहाजं, वादळं, मालाच्या पेट्या राहतात बाजूला, आणि आपण बघत बसतो की आज डब्यात पीठ आहे की नाही.

सोमवारी कोट जातो, शनिवारी येतो

या कादंबऱ्यांत हटकून भेटणारं एक ठिकाण म्हणजे गहाणाचं दुकान. दारावर पितळी तीन गोळे टांगलेले. सोमवारी सकाळी बाई नवऱ्याचा रविवारचा कोट कागदात गुंडाळून तिथे नेते. त्यावर चार शिलिंग मिळतात. त्यात आठवडा ढकलायचा. शनिवारी हातात पैसे आले की व्याजासकट भरून कोट सोडवायचा, म्हणजे रविवारी चर्चला जाताना अंगावर कोट असतो. सोमवारी पुन्हा तेच. एकच कोट, वर्षाला पन्नास खेपा! चादरी, बूट, लग्नातली अंगठी, सगळ्यांची हीच वाट.

आपल्याला हसू येतं. पण हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर ती लाल वही आली. 'बांगड्या २, ठेवल्या.' आपल्याकडे कोट नव्हते, बांगड्या होत्या, एवढाच काय तो फरक. शेजारणीला कळू नये म्हणून पदराखाली पुरचुंडी धरायची, हेही दोन्हीकडे सारखंच.

अशा घरांचे खरे हिशेबही कोणी तरी पाहिले होते. लिव्हरपूलच्या एका धनाढ्य व्यापारी घराण्यातली एलेनॉर रॅथबोन नावाची मुलगी. घरी कशाची कमी नव्हती. पण ती गोदीकामगारांच्या वस्तीत गेली आणि त्यांच्या बायकांकडून घरखर्चाचे हिशेब मिळवून १९०९ साली तिनं त्यावर अहवाल काढला. हातावर पोट असलेला मजूर जगतो कसा, हा त्याचा विषय. सगळ्या आकड्यांमधून तिला दिसलं ते हे, की घर चालवते बाई, पण तिच्या हक्काचा एक पैसाही तिच्या हातात येत नाही. नवरा देईल ते घ्यायचं, आणि त्यानं वाटेत दारूच्या गुत्त्यावर उडवले तर गप्प बसायचं.

पुढे ती पार्लमेंटात गेली आणि वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली : मुलांच्या पोषणासाठी सरकारनं पैसे द्यावेत, आणि ते आईच्या हातात द्यावेत. १९४५ साली कायदा आला. पहिल्या मुलाला सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. मूळ मसुद्यात हे पैसे बापाच्या नावानं होते! रॅथबोनबाईंनी त्यावर रान उठवलं आणि 'बाप' काढून तिथे 'आई' घालायला लावलं. पहिले पैसे मिळाले ऑगस्ट १९४६ मध्ये. ते बघायला बाई नव्हत्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्या वारल्या होत्या. आपल्याकडच्या बालविवाहांविरुद्धही त्यांनी १९३४ साली एक पुस्तक लिहिलं होतं.

एका बंबाची गोष्ट

लिव्हरपूलचीच आणखी एक बाई सांगायलाच हवी, कारण तिचं काम अगदी आपल्या मोरीतलं आहे. किटी विल्किन्सन. आयर्लंडमधून आलेली, गरीब, राबून खाणारी. १८३२ साली शहरात पटकी पसरली. गल्लीत पाणी तापवायचा मोठा बंब होता तो एकट्या किटीच्या घरी. तिनं शेजारणींना सांगितलं, रोग्यांचे कपडे-अंथरुणं माझ्याकडे आणा. घरटी आठवड्याला एक पेनी घ्यायची, उकळत्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायची आणि सगळं धुऊन काढायचं. रोगजंतू म्हणजे काय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं त्या काळात! 'रोग घाणीतून पसरतो' एवढं तिला तिच्या अनुभवानं सांगितलं होतं.

त्या बंबातूनच पुढे १८४२ साली लिव्हरपुलात सार्वजनिक धुलाईघर उघडलं. ब्रिटनमधलं ते पहिलंच. चार वर्षांनी किटी आणि तिचा नवरा त्याची देखरेख बघायला लागले. शहराच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये थोरामोठ्यांचे पुतळे आहेत, सगळे पुरुषांचे. त्यात पहिला बाईचा पुतळा बसला तो २०१२ साली, आणि तो किटीचा. बंदराच्या कादंबऱ्यांत धुलाईघर वारंवार का येतं, ते आता लक्षात आलं ना? तिथे कपडे धुतले जायचे, आणि मनंही.

लिहिणाऱ्या कोण होत्या?

मला सगळ्यात नवल वाटलं ते या लेखिकांचं. यांतल्या दोन थोरल्या लेखिकांनी तर आपलं भोगलेलंच लिहिलं.

कॅथरीन कुकसनचा जन्म १९०६ सालचा, टाइनकाठच्या साउथ शील्ड्समधला. आई लग्नाविना बाळंत झालेली. लोकलाजेपायी घरात असं भासवलं गेलं की आजी हीच कॅथरीनची आई आणि खरी आई ही तिची थोरली बहीण. खरं कळलं तेव्हा त्या पोरीच्या मनाचं काय झालं असेल! आई घरकामाची नोकरी करी, आणि पीतही असे. कॅथरीनची शाळा लवकर सुटली. तीही लोकांकडे कामाला लागली, मग निराधारांसाठी असलेल्या वर्कहाउसच्या धोबीखान्यात. तिथून दक्षिणेला हेस्टिंग्जला गेली, तिथल्या धोबीखान्याची प्रमुख झाली, पै पै साठवून घर घेतलं आणि १९४० साली एका शिक्षकाशी लग्न केलं. पण चार वेळा दिवस जाऊन मूल हाती लागलं नाही. मन पार खचलं. त्या खचलेपणातून वर यायला म्हणून तिनं लिहायला घेतलं.

पहिली कादंबरी 'केट हॅनिगन' १९५० साली आली, तेव्हा बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे सुमारे शंभर पुस्तकं झाली. ब्रिटनच्या सार्वजनिक वाचनालयांतून वर्षामागून वर्षं सर्वांत जास्त पुस्तकं नेली जात ती त्यांचीच. १९६९ साली 'अवर केट' या आत्मकथेत त्यांनी आपल्या जन्माची गोष्ट उघडपणे सांगितली. आयुष्यभर जी लपवली, तीच सांगितल्यावर माणूस मोकळं होतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं. १९९८ साली त्या गेल्या.

हल बंदराच्या व्हॅल वूड यांची पहिली कादंबरी 'द हंग्री टाइड' १९९३ साली आली, आणि तिला बक्षीस मिळालं ते कॅथरीन कुकसन यांच्याच नावाचं. एकीनं लावलेल्या पणतीवर दुसरीनं आपली लावून घ्यावी, तसं.

नाकं मुरडणारे

आता खरं तेही सांगते. या कादंबऱ्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. साचा ठरलेला असतो. पाच-सहा वाचल्या की पुढचं कळायला लागतं. दारुड्या नवरा पायऱ्यांवरून पडणार, बुडालेला खलाशी शेवटच्या प्रकरणात दारात उभा राहणार, कामवालीवर मालकाच्या मुलाचं मन जडणार. कव्हरवर शाल पांघरलेली तरुणी आणि मागे धुकं. आपल्या सिनेमाला हसण्याचा हक्क त्यांना बिलकुल नाही!

पण मसाला झटकून टाका आणि खाली काय उरतं ते पाहा. एका पेनीत किती पाव यायचा. मटणाचं एकच हाड तीन दिवस कसं उकळायचं. भाडं मागणारा आला की दिवा मालवून सगळ्यांनी चिडीचूप कसं बसायचं. हे कुठल्या राजाच्या चरित्रात लिहिलंय? बंदरात किती टन माल उतरला, ते सरकारी दप्तरात सापडतं. त्या रात्री कोण उपाशी झोपलं, ते सापडतं या पुस्तकांत.

दोन पेन्सांची नदी

आणि आता हेलन फॉरेस्टर. जिच्यापायी माझं दूध उतू गेलं, ती.

हेलनचा जन्म १९१९ चा. घर चांगलं खातंपितं, नोकरचाकर असलेलं. १९३० नंतरच्या मंदीत बापाचं दिवाळं निघालं आणि आईबाप सात मुलं घेऊन लिव्हरपूलला येऊन पडले. हेलन सगळ्यांत थोरली, बाराएक वर्षांची. धाकट्यांना शाळेत घातलं. थोरलीला घरी ठेवलं. तान्ह्याला सांभाळायला, चूल पेटवायला, आईबाप कामधंद्याच्या शोधात हिंडतील तेव्हा घर बघायला. नदीपलीकडे आजी होती, ऊब होती, जेवण होतं. पण पलीकडे नेणाऱ्या बोटीचं भाडं दोन पेन्स. ते दोन पेन्स तिच्याकडे कधी नव्हतेच. पुस्तकाचं नाव आलं ते त्यावरून.

पुढे भांडून-तंडून ती रात्रशाळेत गेली, नोकरी धरली. युद्धानं तिची माणसं हिरावून नेली. मग तिला भेटले अवध भाटिया, आपल्याकडचे, पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. १९५० साली लग्न झालं आणि लिव्हरपूलची ही मुलगी सून होऊन भारतात आली. त्यांचा सुरुवातीचा संसार अहमदाबादला झाला. नंतर दोघं कॅनडाला गेली. 'द मनीलेंडर्स ऑफ शाहपूर' ही तिची १९८७ सालची कादंबरी गुजरातेत घडते. लिव्हरपूलच्या गहाणाच्या दुकानाची पायरी चढलेल्या बाईला आपला सावकार ओळखायला कितीसा वेळ लागणार!

तिची आठवणींची पहिली चोपडी १९७४ साली निघाली, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. त्यानंतर 'लिव्हरपूल डेझी', १९४१ च्या मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यांवरची 'थ्री विमेन ऑफ लिव्हरपूल', अशा कादंबऱ्या आल्या. २०११ साली कॅनडातच ती वारली.

मला मात्र ती बारा वर्षांची थोरली सोडेना. संकट आलं की घर एकाला खर्ची घालतं. आणि तो एक म्हणजे बहुधा थोरली मुलगी असते. आईबाप दुष्ट असतात असं नाही. हिशेब बसवताना त्यांना सोपा आकडा तोच दिसतो.

वन्संची ओळ

मी पुन्हा लाल वही काढली. या वेळी बांगड्यांसाठी नव्हे. जूनचं पान उघडलं. 'फी, धाकटा' अशी ओळ आहे. धाकटा म्हणजे आमचे हे. जुलैत आहे, ऑगस्टात आहे. थोरलीच्या फीची ओळ मार्चनंतर कुठेच नाही. माझ्या वन्सं सातवी पास झाल्या आणि घरी राहिल्या. 'वन्संना शिक्षणाची आवड नव्हती' असंच मी इतकी वर्षं ऐकत आले होते.

वन्सं आता ऐंशीला आल्या आहेत. दिवाळीनंतर चार दिवस राहायला आल्या होत्या. दुपारी वाती वळता वळता मी त्यांना हेलनची गोष्ट सांगितली. दोन पेन्सांपर्यंत आले आणि त्यांचे हात थांबले. मी उठून वही आणली, काही न बोलता ते पान पुढे ठेवलं.

बराच वेळ त्या अक्षर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, फीचा दिवस आला की आई मला मागच्या दारी काही तरी काम सांगायची. पाणी भर, गोवऱ्या आण. मला वाटायचं, हिला नेमकं आत्ताच कसं सुचतं! आता कळलं. माझ्यासमोर त्याचे पैसे मोजायचे नव्हते तिला."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिच्या आईला तिचा राग होता का गं? त्या मुलीला?"

"आईला तिचा राग नव्हता, वन्सं. तिलाच आईचा होता. म्हणून तर एवढं सगळं लिहिलं."

"मी नाही धरला," त्या म्हणाल्या. आणि मग वाती वळायला घेत हळूच, "पण आवड होती हो मला. गणिताची तर फारच."

संध्याकाळी हे घरी आल्यावर वन्सं झोपाळ्यावर होत्या. मी यांना वहीचं ते पान दाखवलं. हे काही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना ताईच्या पानात आधी स्वतः वाढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल! वाण्याची, दुधाची, भिशीची. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. पावसाळ्यानंतर उन्हं दाखवा, पानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या जागी ठेवा. आणि घरातली थोरली, मग ती आत्या असो, मावशी असो की सासूबाई, अजून असेल, तर तिच्याजवळ बसून एक-एक ओळ विचारा. तिच्या तोंडून येईल ते त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहून काढा. कादंबरी होईल न होईल.

आमच्या वहीत जूनच्या पानावर आता नवी ओळ आहे. अक्षर वन्संचंच आहे, थोडं थरथरतं. 'फी, थोरली : भरली नाही. आवड होती.'